आकिहाबारा : विजेच्या पेठेंतील एक शोध

प्रत्येक मोठ्या शहराच्या पोटांत एकेका धंद्याची एकेक आळी असते. पुण्याची तांबट आळी डोळे मिटूनहि, नुसत्या ठोक्यांच्या नादावरून ओळखतां येते. बोहरी आळींत खिळे, बिजागऱ्या आणि रंग यांचें राज्य, तर मुंबईस ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर विजेच्या उपकरणांचें. विजेच्या सामानाची अशीच, परंतु कितीतरी मोठी, पेठ टोकियो शहरांत आहे. तिचें नांव आकिहाबारा. प्रवासवर्णनांतून तिच्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. पण तें बहुधा तेथील झगझगीत पाट्या, चित्रकथांतील बाहुल्या आणि रात्रीची रोषणाई यांच्यापुढें जात नाहीं. आम्ही उभयतां गेल्या शरद ऋतूंत तेथें गेलों तें एक काम घेऊन. एका चाळीस वर्षांच्या जुन्या खेळयंत्राचें चित्र आजच्या टीव्हीवर स्वच्छ उमटवून देईल असा कारागीर आम्हांला हवा होता. काम घेऊन गेलेल्या माणसास गांवाचीं जीं दारें उघडतात, तीं नुसत्या सहलीस गेलेल्यास क्वचितच उघडतात. म्हणून हा वृत्तांत वाचकांपुढें ठेवावा असें वाटलें.

प्रथम त्या यंत्राची ओळख करून देणें अवश्य आहे. त्याचें नांव ‘फॅमिकॉम’. ‘फॅमिली कॉम्प्युटर’ या नांवाचें जपानी लोकांनीं केलेलें हें लघुरूप. क्योटो येथील निन्तेंडो कंपनीनें तें १५ जुलै १९८३ रोजीं १४,८०० येन किंमतीस विक्रीस काढलें. ही कंपनी १८८९ सालीं निघाली ती ‘हानाफुदा’ नांवाचे, फुलांच्या चित्रांचे खेळण्याचे पत्ते करण्यासाठीं. पत्त्यांपासून निघून ती विजेच्या खेळांपर्यंत आली. यंत्राची रचना मासायुकी उएमुरा यांच्या देखरेखीखालीं झाली. हे गृहस्थ पुढें क्योटोच्या रित्सुमेइकान विद्यापीठांत प्राध्यापक झाले व २०२१ सालीं निवर्तले. यंत्र म्हणजे शाळेच्या पाटीएवढी, पांढऱ्या आणि किरमिजी रंगांची पेटी. वरच्या बाजूस कॅसेट खोंचण्याची खाच, आणि दोन बाजूंस दोन कंट्रोलर, कायमच्या तारांनीं पेटीलाच बांधलेले. परदेशी निराळ्या रूपांत गेलेलीं यंत्रें धरून जगभर ६ कोटी १९ लाखांहून अधिक पेट्या विकल्या गेल्या. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकांत घरोघरीं जे ‘व्हिडिओ गेम’ आले, ज्यांच्या पिवळ्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असें छापलेलें असे, ते याच यंत्राच्या नकला होत. तेव्हां ज्यांना वाटतें कीं आपला या यंत्राशीं संबंध नाहीं, त्यांनीं आपल्या घरांतील तिशी-चाळिशीच्या मंडळींस विचारून पाहावें.

आमच्या घरीं मात्र नक्कल नव्हे, अस्सल यंत्र आलें. आमचे थोरले बंधू दोन वर्षें नोकरीनिमित्त टोकियोस होते. १९८७ सालीं परत येतांना त्यांनीं ही पेटी, तीन-चार कॅसेट, एक जपानी टीव्ही आणि विजेचा दाब उतरविणारा एक जड ट्रान्स्फॉर्मर बरोबर आणला. सदाशिव पेठेंतील वाड्याच्या माजघरांत टीव्ही मांडला गेला. मुलांना शुभंकरोति झाल्यावर अर्धा तास, असा दादांचा नियम होता. पण दुपारीं जेवणें आटोपून ओटा आवरला कीं वहिनी एकट्याच खेळावयास बसत, आणि मुलांच्या कोणाच्याहि आधीं ‘सुपर मारिओ’चा शेवटचा किल्ला त्यांनींच सर केला, हें आमच्या घराण्यांत सर्वमान्य आहे. १९९८ सालीं जपानी टीव्ही निकामी झाला. पेटी कापडांत गुंडाळून माळ्यावर गेली. दादा २०१४ सालीं गेले. दोन वर्षांपूर्वीं वाडा पाडून इमारत बांधावयाची म्हणून माळा रिकामा केला तेव्हां पेटी खालीं आली, आणि वहिनींनीं ती पदरानें पुसून विचारलें, “भाऊजी, ही आतां चालेल का हो?”

प्रश्न साधा होता; उत्तर साधें नव्हतें. पहिली अडचण विजेची. जपानांत घरगुती विजेचा दाब १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. जपानी अडाप्टर आपल्या भिंतींतील खाचेंत थेट घातला तर तो जळून जाईल. दुसरी अडचण लहरींची. हें यंत्र आपलें चित्र अँटेनाच्या तारेंतून टीव्हीस पाठवितें, म्हणजे एका लहानशा प्रक्षेपण-केंद्राचेंच सोंग घेतें. जपानचे पहिले दोन चॅनेल ९१.२५ आणि ९७.२५ मेगाहर्ट्झ या कंपनसंख्यांवर होते, म्हणून यंत्रहि त्यांवरच बोलतें. आपल्या देशांत तो पट्टा एफ.एम. रेडिओचा, तेथें टीव्हीनें कान द्यावयाचा नसतो. यंत्र हाका मारीत राहतें आणि आपला टीव्ही भलत्याच दिशेस कान लावून बसतो. तिसरी अडचण पद्धतीची : जपानची रंगीत चित्राची पद्धत ‘एन.टी.एस.सी.’, आपली ‘पाल’. आणि या तिहींहून मोठी चौथी अडचण अशी कीं, पूर्वींचे काचेच्या नळीचे टीव्ही जाऊन जे चपटे टीव्ही आले, त्यांना जुन्या यंत्रांचें चित्र नीट वाचतांच येत नाहीं. फॅमिकॉमचें चित्र २५६ बिंदू रुंद आणि २४० ओळी उंच. एवढ्याशा चित्रास भिंतीएवढ्या पडद्यावर पसरतांना नवे टीव्ही त्याचा अर्थ चुकीचा लावितात, आणि कडा पुसट झालेलें, धुरकट चित्र दाखवितात. जपानांतहि हीच अडचण. २०११ सालीं त्या देशांतील बहुतेक भागांत जुन्या पद्धतीचें प्रक्षेपण बंद झालें, आणि जुने टीव्ही कचऱ्यांत गेले.

आम्हीं प्रथम लॅमिंग्टन रोड गांठला. या रस्त्याचें नांव मुंबई इलाख्याचे एके काळचे गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांच्यावरून पडलें. आतां तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग होय, पण ग्राहक आणि दुकानदार दोघेहि जुनेंच नांव घेतात. तेथें पोटमाळ्यावर बसणाऱ्या एका कारागिरानें पेटी उघडली, आंत फुंकर घातली, पुष्कळ वेळ पाहिलें, आणि स्क्रू जसेच्या तसे परत लावून ती आमच्या हातीं दिली. “साहेब, यंत्र जिवंत आहे. चित्र आंत आहे. बाहेर यायची वाट तेवढी जुनी झाली. हिच्यासारख्या नकला मीं शेकड्यांनीं दुरुस्त केल्या, पण अस्सल ही पहिलीच पाहतों. हिच्यावर हात शिकायचा नाहीं मला.” एक पैसा त्यानें घेतला नाहीं. आपल्याला काय येत नाहीं हें सांगणाऱ्या कारागिरास आम्ही थोर मानतों. पुढें टोकियोंत जो भेटला तोहि त्याच जातकुळीचा निघाला.

या सुमारास वहिनींच्या डोळ्यांची तक्रार वाढली. त्यांचें वय बहात्तर. डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा विकार आहे. कडेचें दिसत राहील, पण मधली दृष्टि हळूहळू मंद होत जाईल. वाचन त्यांनीं आधींच मोठ्या अक्षरांवर आणलें होतें. पेटीविषयीं त्या पुन्हा काहीं बोलल्या नाहींत. परंतु काम निकडीचें झालें होतें हें आम्हां सर्वांस कळलें. आमची कन्या व जामात टोकियोस राहतात. आम्ही त्यांच्याकडे जाणारच होतों, तेव्हां पेटी मऊ कापडांत गुंडाळून हातांतील पिशवींत घेतली, आणि ती आपल्या जन्मभूमीस परत निघाली.

टोकियोच्या पूर्वेस एदोगावा नांवाचा विभाग आहे. त्यांतील निशि-कासाई भागांत हिंदी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. संध्याकाळीं स्टेशनाबाहेर उभें राहिलें तर मराठी कानावर पडल्यावांचून राहत नाहीं. तेथून तोझाई मार्गाच्या गाडीनें कायाबाचोपर्यंत जावें, व हिबिया मार्गाची गाडी पकडून आकिहाबारास उतरावें. पुणें ते चिंचवड जावयास लागतो तेवढाहि वेळ लागत नाहीं.

या पेठेचें नांव मोठें मनोरंजक आहे. ‘आकिबा’ म्हणजे शरदांतील पानें आणि ‘हारा’ म्हणजे मैदान. १८६९ सालीं कांदा भागांत मोठी आग लागून पुष्कळ घरें जळाली. तेव्हां सरकारनें ती जागा पुन्हां बांधूं न देतां मोकळी ठेविली, आणि पुढील वर्षीं तेथें अग्निशमनार्थ एक देऊळ स्थापिलें. लोकांनीं समजूत करून घेतली कीं हा आगीपासून रक्षण करणारा आकिबा देवच होय. आणि मैदान त्याच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. १८९० सालीं तेथें मालगाड्यांचें स्टेशन झालें व देऊळ त्यापूर्वींच दुसरीकडे हलविलें गेलें. देव गेला, पण नांव राहिलें. दुसऱ्या महायुद्धानंतर टोकियो बेचिराख झालें असतां कांदा भागांतील रस्त्यांवर रेडिओच्या सुट्या भागांचा उघडा बाजार भरूं लागला. जवळच विजेचें शिक्षण देणारें विद्यालय होतें. विद्यार्थी भाग विकत घेऊन रेडिओ जुळवीत व विकीत. त्या भुकेल्या दिवसांत कित्येकांच्या शिक्षणाचा खर्च यांतून निघाला. १९४९ सालीं रस्त्यांवरील दुकानें उठविण्याचा हुकूम सुटला, आणि या विक्रेत्यांना आकिहाबारा स्टेशनाच्या लोहमार्गाखालीं, कमानींच्या पोटांत, जागा मिळाली. आजची भपकेबाज पेठ या फेरीवाल्यांच्या पथाऱ्यांतून उगवली आहे. पुढें रेडिओ, मग टीव्ही व धुलाईयंत्रें, १९७६ पासून गणकयंत्रें, आणि त्यांच्यामागून खेळ, असा एकामागून एक व्यापार तेथें आला.

‘देन्किगाई’ म्हणजे विजेची पेठ. त्या नांवाच्या दारानें स्टेशनाबाहेर पडलें कीं प्रथम गोंगाटानें माणूस गांगरतो. चुओ-दोरी हा मुख्य रस्ता. दोन्ही बाजूंस सात-आठ मजली अरुंद इमारती, आणि प्रत्येक मजल्यावर निराळें दुकान. जुन्या खेळांचीं दुकानें बहुधा वरच्या मजल्यांवर. अशा एका दुकानांत आम्ही गेलों तेव्हां कपाटांत फॅमिकॉमच्या पेट्या पुण्यांतील पुस्तकांच्या दुकानांत गाथा रचाव्या तशा रचलेल्या होत्या. प्रत्येकीवर प्रकृतीची चिठ्ठी : ‘पिवळी पडलेली’, ‘कंट्रोलरची तार बदललेली’, ‘चालू स्थितींत’. काहींवर ‘ए.व्ही. केलेली’ असें लिहिलें होतें, म्हणजे चित्राची वाट आधींच बदललेली. विक्रेता मोठा अदबीचा. त्यानें दोन्ही हातांनीं आमची पेटी घेतली, न्याहाळली, दोन्ही हातांनीं परत केली, आणि सांगितलें कीं आम्ही तयार पेट्या विकतों, ग्राहकाच्या पेटीस हात लावीत नाहीं. “ही देऊन ती घ्या,” असेंहि त्यानें सुचविलें. हिशेबाच्या दृष्टीनें तें योग्यच होतें. पण ही पेटी आमच्या दादांची. तिच्या तळाशीं त्यांच्या हातचें नांव आहे. हें कन्येनें जपानी भाषेंत सांगितलें तेव्हां तो विक्रेता कमरेंत वांकला व पुढें आग्रह केला नाहीं.

कंपनीकडे जावें तर तीहि वाट बंद होती. फॅमिकॉमचें उत्पादन २००३ सालीं थांबलें, आणि सुटे भाग मिळत नाहींत म्हणून कंपनीनें दुरुस्तीचें कामहि ३१ ऑक्टोबर २००७ रोजीं बंद केलें. वीस वर्षें विकलेल्या वस्तूची चोवीस वर्षें दुरुस्ती करणें हें लहान काम नव्हे; परंतु त्या तारखेनंतर ही सारी यंत्रें पोरकीं झालीं, आणि त्यांचा सांभाळ घराघरांतून काम करणाऱ्या हौशी हातांकडे गेला. असा हात कोठें राहतो हें पाटीवर लिहिलेलें नसतें. चार दुकानें झालीं. चारहि ठिकाणीं नम्र नकार मिळाला.

पांचव्या वेळीं आम्ही खेळांचीं दुकानें सोडून लोहमार्गाखालीं शिरलों. ‘रेडिओ सेंटर’ नांवाचा हा बाजार म्हणजे त्या १९४९ च्या फेरीवाल्यांचाच वारसा. बाहेरील झगमगाट एका पावलांत संपतो. दोन माणसें एकमेकांस चुकवून जातील एवढेच बोळ. दोहों बाजूंस पानाच्या ठेल्याएवढालीं दुकानें. आणि प्रत्येकांत मध्यभागीं बसलेला एकेक वृद्ध, ज्याला न उठतां सर्व वस्तूंपर्यंत हात पोंचवितां येतो. एकाकडे केवळ बटनें, एकाकडे केवळ तारा, एकाकडे जुन्या रेडिओच्या काचेच्या नळ्या. डोक्यावरून गाडी गेली कीं डब्यांतील स्क्रू किंचित् थरथरतात. आम्हांस तो देखावा पाहून आपल्याकडील गांधी-दुकानांतील काष्ठौषधींच्या पेट्यांची आठवण झाली. तेथेंहि नांव उच्चारतांच हात बरोबर त्याच खणाकडे जातो.

कन्येनें एका दुकानांतून अडाप्टरची पिन विकत घेतली आणि सहज प्रश्न केला. दुकानदारानें आमच्याकडे, मग पिशवीकडे पाहिलें. “कोणासाठीं?” असें त्यानें विचारलें. काय बिघडलें, किती पैसे देणार, हें न विचारतां त्यानें हें विचारलें. कन्येनें आपल्या काकूंची हकीकत सांगितली. त्यानें एक चिठ्ठी लिहिली, खालीं आपला शिक्का मारला, आणि सुएहिरोचोच्या बाजूची एक गल्ली बोटानें दाखविली.

गल्लींतील तिसऱ्या मजल्यावर एक खोली होती, पाटी नव्हती. आंत साठीच्या पुढचे एक गृहस्थ भिंगाच्या दिव्याखालीं काम करीत होते. यांचें आयुष्य टीव्ही दुरुस्त करण्यांत गेलें. काचेच्या नळीचे टीव्ही संपले तेव्हां त्यांचा धंदाहि संपला असता, पण ज्या टीव्हीवर हीं यंत्रें चालत असत त्यांचें मर्म ठाऊक असल्यामुळें यंत्रांचा इलाज त्यांच्याकडे चालून आला. चिठ्ठी वाचून त्यांनीं पेटी उघडली, आणि आम्हांस स्टुलें देऊन एक तासभर चक्क शिकविलें. तें थोडक्यांत येथें सांगतों. कारण असें काम करवून घेणाऱ्यानें तें काय आहे हें समजून घेतलेंच पाहिजे.

रंगीत चित्राचे मूळ घटक तीन : तांबडा, हिरवा आणि निळा. पुष्कळ यंत्रांच्या पोटांत हे तिन्ही रंग आधीं निरनिराळे तयार होतात आणि बाहेर पडतांना मिसळले जातात. निन्तेंडोचेंच १९९० सालचें ‘सुपर फॅमिकॉम’ तसें आहे; त्याला योग्य केबल जोडली कीं तीन रंग तीन वाटांनीं बाहेर येतात आणि चित्र आरशासारखें स्वच्छ दिसतें. पण फॅमिकॉममध्यें चित्र काढणारी जी रिको कंपनीनें केलेली चाळीस पायांची चिप आहे, तिच्यांत हे रंग कधीं वेगळे नसतातच. ती थेट मिश्रणच जन्मास घालते. चहांत घातलेली साखर न ढवळतां तळाशीं राहूं शकेल. उसाच्या रसांतील साखर कशी निवडणार? आणि हें मिश्रणहि पुन्हां मागील डब्यांत अँटेनाच्या लहरीवर चढविलें जातें, म्हणजे धुकें दुहेरी होतें.

यावर वाटा तीन. पहिली सोपी. चिपच्या एकविसाव्या पायांतून मिश्र चित्र निघतें. तेथूनच तें उचलून एक ट्रान्झिस्टर व दोन-चार लहान भागांच्या साह्यानें बाहेर आणावयाचें. लहरीचें धुकें जातें, मिश्रणाचें राहतें. काम नीट न केल्यास चित्रावर खिडकीच्या गजांसारख्या उभ्या फिकट रेघा येतात. म्हणून तो पाय पट्टीवरून उचलून तार थेट त्यालाच जोडावी लागते. कंपनीनें स्वतः १९९३ सालीं जें सुधारलेलें फॅमिकॉम काढलें, त्यांत मिश्र चित्राचीच वाट दिली होती.

दुसरी वाट अशी : सार्वजनिक खेळगृहांत नाणें टाकून खेळावयाचीं जीं यंत्रें निन्तेंडोनें त्याच काळांत काढलीं, ‘व्ही.एस. सिस्टिम’ व ‘प्लेचॉइस-१०’, त्यांत याच चिपची एक बहीण आहे, जी तीन रंग वेगळे देते. ती काढून येथें बसवितां येते. चित्र उत्तम येतें. परंतु एक यंत्र उजळण्यासाठीं दुसरें कायमचें विझतें, आणि बहिणीचे काहीं रंगहि मूळच्यांशीं जुळत नाहींत. “मीं तरुणपणीं तीन वेळां हें केलें,” ते गृहस्थ म्हणाले, “आतां करीत नाहीं.”

तिसरी वाट ऑस्ट्रेलियांतील टिम वर्दिंग्टन या तंत्रज्ञानें काढली. त्यांच्या पट्टिकेचें नांव ‘एन.ई.एस.आर.जी.बी.’. मूळ चिप काढून ती या पट्टिकेवर बसवितात व पट्टिका चिपच्या जागीं बसवितात. पट्टिका मूळ चिपचें काम सतत ऐकत असते, आणि जें चित्र ती मिश्र रंगांत काढणार तेंच आपण तीन स्वच्छ रंगांत काढते. कथेकऱ्यामागें उभा राहून त्याचेंच वाक्य खणखणीत आवाजांत सांगणाऱ्या साथीदारासारखें हें आहे. मग हें चित्र ओळी वाढविणाऱ्या एका लहानशा डबींतून एच.डी.एम.आय.च्या केबलनें नव्या टीव्हीस द्यावयाचें. दुसरें कोणतेंहि यंत्र मारावें लागत नाहीं. मात्र चाळीस वर्षें जागीं असलेली चिप उपटावी लागते. चाळीस पायांचें डाक एकेक करून वितळवावें लागतें. “मी सावकाश करतों. पण जुनी चिप आहे. एखादा पाय तुटला, आंतील तांब्याची रेघ उचलली गेली, तर ही पेटी पुन्हां बोलणार नाहीं असेंहि होऊं शकेल. पहिली वाट बहुतेक निर्धोक आहे. तुम्ही घरीं विचारा.”

खरा पेंच तो हा. पहिल्या वाटेनें पेटी सुरक्षित, पण चित्र अर्धवट धुरकट. आणि वहिनींच्या डोळ्यांना अर्धवट धुरकट चित्र म्हणजे न दिसल्यासारखेंच. तिसऱ्या वाटेनें चित्र लख्ख, पण दादांची एकुलती एक वस्तु कायमची जाण्याचा धोका. आमचें मन पहिलीकडे झुकत होतें. वडील माणसांच्या मागें राहिलेल्या वस्तूवर आपण केवळ राखणदार आहोंत असें आम्हांस वाटत आलें आहे. त्याच खोलींतून फोन लाविला. वहिनींनीं सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही ती पेटी देवघरांतल्या टाकासारखी जपतां, तें ठीक आहे. पण जपायची ती कुणासाठीं? मला दिसतंय तोंवर चालली तर तिचा उपयोग. बिघडली तर बिघडली. बंद तर ती आतांहि आहेच. आणि ह्यांनीं ती आणली होती ती खेळायलाच ना?”

कन्येनें हें वाक्य भाषांतरून सांगितलें तेव्हां कारागीर थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनीं मजुरीचा आंकडा कागदावर लिहिला, काम बिघडल्यास मजुरी घेणार नाहीं असें खालीं लिहिलें, आणि आठ दिवसांनीं या म्हणून सांगितलें. एक प्रश्न त्यांनीं निघतांना केला : “आकाश कोणतें हवें?” आम्हांस अर्थ कळेना. ते म्हणाले, मूळ चिप केवळ मिश्रण देत असे. त्यांतून रंग काढणें टीव्हीकडे होतें, आणि प्रत्येक टीव्ही आपापल्या परीनें तें करी. म्हणून ‘मारिओ’चें आकाश कोणाच्या घरीं निळें असे, कोणाच्या घरीं जांभळट. पट्टिकेंत रंगांचे निरनिराळे संच आहेत. खरें एक असें नाहींच. वहिनींना पुन्हां विचारलें तर त्या म्हणाल्या, “फोनवर काय सांगूं? दोन्ही ठेवायला सांगा. पाहिलें कीं ओळखीन.”

ते आठ दिवस आम्हीं निक्को आणि कामाकुरा पाहिलें. तेथील देवळांवर आणि बुद्धमूर्तीवर पुष्कळांनीं लिहिलें आहे, म्हणून येथें विस्तार करीत नाहीं. आठव्या दिवशीं खोलींत गेलों तों पेटी टीव्हीशीं जोडून ठेविलेली होती. बटन दाबतांच विटांची एकेक फट, ढगांची एकेक गोलाई रांगोळीच्या ठिपक्यांसारखी स्वच्छ दिसली. पेटीच्या अंगावर नवें छिद्र एकहि पाडलेलें नव्हतें. जुना लहरींचा डबा काढून त्याच्याच जागेंतून नवी वाट काढली होती, आणि मागें चॅनेल बदलण्याचें जें जुनें बटन होतें, त्याच्यावरच दोन आकाशें बसविलीं होतीं. काढलेला डबा, जुने भाग आणि कोणती तार कोठें जोडली याचा हातानें काढलेला नकाशा एका पाकिटांत घालून त्यांनीं आम्हांस दिला. “पुढें कोणाला उघडावी लागली तर त्याला अंधारांत चांचपावें लागूं नये.”

पुण्यास परतल्यावर वहिनी टीव्हीपासून हातभर अंतरावर पाट टाकून बसल्या. मागचें बटन एकदां इकडे, एकदां तिकडे सरकविलें. दुसऱ्या खेपेस त्या लगेच म्हणाल्या, “हेंच. आपलें आकाश जांभळट होतें.” चित्र स्वच्छ झालें म्हणून डोळे बरे झाले असें मात्र नाहीं. पडद्याच्या माथ्यावरील वेळेचे आंकडे त्यांना वाचतां येत नाहींत. ते नातू मोठ्यानें सांगतो. लहान शत्रू कधीं कधीं मधल्या डागांत हरवतो, तेव्हां त्या मान किंचित् तिरकी करून डोळ्यांच्या कडेनें पाहतात. पण तांबडी टोपी त्यांना दिसते, खड्डा दिसतो, आणि उडी कोठें मारावयाची हें हातांना अजून पाठ आहे. पहिल्या दिवशीं त्यांनीं पहिलें जग पार केलें.

अशा कामासाठीं कारागीर शोधणाऱ्या वाचकांस अनुभवावरून दोन शब्द सांगतों. जो पेटी उघडण्यापूर्वींच किंमत सांगतो त्याच्याकडे देऊं नये. काय बिघडूं शकेल हें आधीं सांगणारा, तें कागदावर लिहून देणारा, आणि पूर्वीं केलेलें काम उघडून दाखविणारा शोधावा. काढलेले भाग परत मागून घ्यावेत. पेटीस नवें छिद्र पाडावें लागेल काय तें विचारावें. जपानी अडाप्टरला ट्रान्स्फॉर्मर लावल्यावांचून आपल्या विजेशीं गांठ घालूं नये. आणि मुख्य म्हणजे, वस्तु जपून ठेवावयाची कीं वापरावयाची, हा निर्णय कारागिरावर न टाकतां घरांत आधीं करावा.

आकिहाबारांतहि असे हात कमी होत चालले आहेत. लोहमार्गाखालच्या बाजारांपैकीं ‘रेडिओ स्टोअर’ हा एक जुना बाजार ३० नोव्हेंबर २०१३ रोजीं बंद झाला. उरलेल्या दुकानांतहि उतारवयाचे लोकच अधिक दिसले. आमच्या कारागिरांच्या खोलींत मात्र दुसऱ्या भेटीच्या वेळीं कोपऱ्यांतील मेजावर एक विशीचा मुलगा निकामी पट्टीवरून डाक काढण्याचा सराव करीत बसला होता. त्याच्यापुढें उपटलेल्या चिपांची रास होती. बहुतेकींचा एखादा पाय तुटलेला. गृहस्थांनीं मधूनच मान वळवून एक चिप उचलली, पाय मोजले, आणि काहीं न बोलतां त्याच्यापुढें दुसरी ठेविली. कन्येनें विचारल्यावरून त्यांनीं सांगितलें, “शंभर झाल्या कीं एक खरी पेटी देईन. आज त्र्याहत्तरावी आहे.”